खारे पाणी आणि दुतोंडी पडदा

रात्री पाण्यात टाकलेली मनुका सकाळी टम्म फुगते, हे आपण घरोघर पाहतो. सालीतून पाणी आत शिरते. १७४८ साली नोले नावाच्या फ्रेंच पंडिताने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला मूत्राशयाचे कातडे बांधून ते पाण्यात बुडवले. तेव्हा पाणी असेच आत गेले नि कातडे फुगले.

गोडे पाणी आपणहून खाऱ्याकडे धावते. त्याला मागे फिरवायचे तर जोर लावायला हवा. समुद्राच्या पाण्याला हा जोर केवढा? सुमारे अडीचशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, आणि तोही नुसता तोल साधण्यापुरता! तो सोसून मीठ अडवील असा पडदा आणायचा कुठून?

१९५० नंतर फ्लॉरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांना सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा सापडला. मीठ अडले खरे, पण पाणी थेंबथेंब. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसला सिडनी लोब आणि भारतातून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी असाच एक विकतचा पडदा पाण्यात तापवून पाहिला. एका बाजूने ठेवला तर काम फत्ते, उलटा ठेवला तर फजिती! म्हणजे पडदा दुतोंडी होता. मग त्यांनी स्वतःच द्रावण कालवले, काचेवर पसरले, थंडगार पाण्यात बुडवले आणि शेवटी गरम पाण्यात ठेवले. अगदी पापडकुरडयांची खटपट म्हणा ना. वर पातळ घट्ट साय, खाली तिला आधार देणारा सच्छिद्र थर. साय पातळ, म्हणून पाणी कितीतरी पट जास्त येऊ लागले.

कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावी पूर्वी पिण्याचे पाणी आगगाडीने येई. तिथे १९६५ साली असे पडदे बसवलेले यंत्र चालू झाले.

आज पडद्याची गुंडाळी, छोटा पंप नि नळ्या विकत आणून हौशी माणूस घरीच यंत्र जोडतो. विहिरीचे मचूळ पाणी समुद्राइतके खारे नसते, म्हणून थोडा दाब पुरतो. पण अशा घरगुती यंत्रात एका घागरीमागे पुष्कळदा दोन-तीन घागरी टाकाऊ पाणी निघते, आणि अडलेले सारे मीठ त्यात असते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पंपाच्या किमतीआधी हे विचारावे, की ते पाणी सोडणार कुठे? विहिरीजवळच मुरवले, तर तेच मीठ पुन्हा पोहऱ्यात येईल.