चिक चॉकलेट
(१९१६–१९६७). जॅझ ट्रम्पेटवादक, बँडप्रमुख आणि हिंदी चित्रपटसंगीतातील वादक. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या हळदोणे येथे. अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श होता. वादनातच नव्हे, रंगमंचावरच्या वावरातही. त्यामुळे ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ ही उपाधी त्यांना चिकटली. ती कौतुकाची असली, तरी त्यांच्या स्वतःच्या कामावर थोडा अन्याय करणारी आहे.

‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा त्यांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत असे. या बँडच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. चित्रपटांत त्यांची खरी जोडी जमली ती संगीतकार सी. रामचंद्र यांच्याशी. ‘समाधी’ (१९५०) आणि अभिनेते-दिग्दर्शक भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) यांतील लॅटिन अमेरिकी ठेका आणि स्विंगचा बाज या सहवासातून आला. ‘अलबेला’त तर चिक आणि त्यांचे वादक झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावरही दिसतात. एरवी स्टुडिओतल्या वादकांची नावे ना तबकडीवर येत, ना श्रेयनामावलीत.

चिक ज्या गोव्यातून आले, तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून वाद्यमेळात वाटून देणारे वादक मुंबईला तिथूनच मिळाले. मुंबई राज्यात दारूबंदी आल्यावर हॉटेलांतील बँडची कामे रोडावली आणि स्टुडिओतील ध्वनिमुद्रण हाच अनेकांचा मुख्य आधार ठरला.