मैदानावरील पात्रता आणि दिव्यांग विद्यार्थ्यांचा हक्क : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

दिव्यांग विद्यार्थ्याला वर्गाचे दार उघडले, तरी मैदान त्याला दीर्घकाळ परकेच राहिले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. क्रीडेच्या समान संधीचा उल्लेख मात्र त्यात नव्हता. कलम ४३ मध्ये विशेष करमणूक केंद्रांसाठी सवलतीच्या जमिनीची तेवढी तरतूद होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही उणीव दूर केली. कलम १६ अन्वये शासकीय अनुदानित वा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांत इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी अभिप्रेत आहे.

२०१७ मध्ये नागपूरच्या दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी मेक्सिको येथील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक पटकाविले. तथापि, एका खेळाडूच्या यशाने पात्रतेचे नियम बदलत नाहीत. शालेय स्पर्धांतील १४, १७ व १९ वर्षांखालील वयोगट शारीरिक वाढीतील तफावत टाळण्यासाठी आवश्यकच होत. परंतु अपंगत्वामुळे उशिरा शाळेत दाखल झालेला विद्यार्थी बारावीपूर्वीच एकोणिशी ओलांडतो आणि विद्यार्थी असूनही स्पर्धेबाहेर पडतो. नियमात अपंगत्वाचा उल्लेख नसतो. परिणाम मात्र वगळण्याचाच होतो. म्हणूनच वयाची अट कायम ठेवूनही अशा प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार होणे, हेच समान संधीच्या तत्त्वाशी सुसंगत ठरेल.