घोड्याच्या सांध्यातील अम्ल

कामठ्याचा इतिहास निघाला की 1818 साल येते, चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेले बंड येते, किल्ला येतो, आणि मागोमाग घोडाही येतो. स्वारांची नावे कागदोपत्री राहिली; घोड्याच्या सांध्यांची हकीकत कोणी लिहिली नाही. श्रोतेहो, आमचे शिक्षण हमालांच्या व टांगेवाल्यांच्या संघटनेत हिंडता हिंडता झाले. तेव्हा ही हकीकत आम्ही खोगिराकडून न सांगता पायाकडून सांगणार.

हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत, पांढरट गादी असते तिला कूर्चा म्हणतात. भरधाव घोड्याच्या एकेका पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या अडीचपटीपर्यंत भार येतो, आणि तो ही गादी झेलते. लंडनच्या विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने 1743 सालीच लिहून ठेवले की, कूर्चा एकदा नासली की पुन्हा भरून येत नाही. टांगेवालाही तेच म्हणे : घोडा झिजला. जणू चाकाची धावच झिजली!

पण धाव निर्जीव, कूर्चा सजीव. तिच्यात विरळ विरळ पेशी असतात. रक्तवाहिनी तेथवर पोचत नाही; पाऊल पडता-उचलता सांध्यातील वंगणातून जे झिरपेल त्यावर त्यांची गुजराण. प्राणवायू तुटपुंजा, म्हणून साखर त्याच्यावाचूनच मोडावी लागते, आणि मागे लॅक्टिक अम्ल उरते. त्यात भोवतालचा पदार्थ ऋणभारित. तो अम्लाचे धनभारित कण आपल्याकडे ओढून धरतो. म्हणजे घरात धूर आणि अंगणातही धूर!

अम्लतेचे आजचे माप सोरेन्सन यांनी 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ठरविले. (ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची, दारूबंदीवाल्यांनी रागावू नये.) या मापात आकडा जितका उतरेल तितके अम्ल अधिक. रक्ताचा आकडा 7.4, तर कूर्चेतला 7 च्या आसपास. पेशीतले अम्ल फार वाढले तर तिचे काम, म्हणजे गादीची डागडुजी, मंदावते.

यावर पेशीची तोड अशी : तिच्या आवरणात एक दार असते, सोडियमचा एक कण आत घ्यावयाचा आणि हायड्रोजनचा एक बाहेर घालवावयाचा. विल्किन्स व हॉल यांनी 1992 साली गुरांच्या कूर्चापेशींतील अम्लता मोजली. पुढे 2006 साली मिल्नर, गिब्सन, विल्किन्स प्रभृतींनी इंग्लंडात घोड्याच्या कूर्चापेशी घेऊन प्राणवायू कमी कमी करून पाहिला. थोडक्यात भागवणाऱ्या या पेशींचीही एक मर्यादा निघाली. प्राणवायू फारच घटला की ते दार मंद चालते आणि अम्ल आतच साचते. सुजलेल्या सांध्यात तर प्राणवायू आणखीच घटतो.

हमालाचा गुडघा गेला की मालक म्हणतो, वय झाले, झिजला. पण त्याच्या कूर्चेतही हेच दार आहे, आणि तेथेही रक्त पोचत नाही.