ॲम्प्लिफायर बदलावा, पण कशासाठी?

घरच्या स्टिरिओ संचात एकेक सुधारणा करीत जाण्याचा छंद जडला, की माणसाची नजर लवकरच पॉवर ॲम्प्लिफायरवर जाते. जुना काढून जास्त वॅटचा नवा आणला की गाणं अधिक खुलेल, अशी त्याची खात्री असते. ही खात्री कितपत खरी? या यंत्राचा इतिहासच त्याचं उत्तर देतो.

पॉवर ॲम्प्लिफायरचं काम तसं साधं. रेकॉर्डवरून किंवा सीडीवरून आलेला संकेत इतका बलवान करायचा, की त्यानं स्पीकरचा पडदा हलावा. मात्र तसं करताना संकेताचा मूळ आकार बिघडता कामा नये. सुरुवातीच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत तो बिघडत असे. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधले अभियंते हॅरल्ड ब्लॅक बोटीनं न्यूयॉर्कला कामावर निघाले होते. वाटेत त्यांना एक युक्ती सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ती टिपून ठेवली. बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत पाठवायचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच सावरतं. हाच 'निगेटिव्ह फीडबॅक'.

ही युक्ती घरोघर पोहोचायला वीस वर्षं लागली. १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला. त्यातली विकृती ०.१ टक्क्याहूनही कमी होती. हौशी मंडळींनी तो घरी बांधून पाहिला.

पुढे इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावी पीटर वॉकर यांच्या कंपनीनं 'क्वाड' नावाची यंत्रं काढली. १९५३चा क्वाड-२ व्हॉल्व्हचा, १५ वॅटचा. तो एकाच वाहिनीचा असल्यामुळे स्टिरिओसाठी दोन घ्यावे लागत. १९६७ साली ट्रान्झिस्टरचा क्वाड-३०३ आला. त्यात दोन्ही वाहिन्या एकाच पेटीत, प्रत्येकी ४५ वॅट. मग १९७५ साली प्रत्येकी १०० वॅटचा ४०५ आला. बावीस वर्षांत तीन पिढ्या झाल्या.

आता गंमत पाहा. १९७८ साली जेम्स मॉयर यांनी या तिन्ही यंत्रांची श्रवणचाचणी घेतली आणि तिचा अहवाल त्याच 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आला. कोणतं यंत्र वाजतं आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यांना व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांतला फरक खात्रीनं ओळखता आला नाही!

याचा अर्थ सगळे ॲम्प्लिफायर सारखेच, असा मात्र नव्हे. ही तिन्ही यंत्रं उत्तम घडणीची होती. फरक उघडा पडतो तो यंत्राची ताकद संपते तेव्हा. त्या वेळी ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि तार सप्तकातली तान कर्कश होते. जास्त वॅटचा खरा उपयोग इथे आहे.

पण वॅटचा हिशेबही समजून घ्यायला हवा. वॅट दुप्पट झाले तर आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलनं वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती! ४५ वॅटवरून १०० वॅटवर गेलात, तर पदरात पडतात जेमतेम साडेतीन डेसिबल. उलट, ६ डेसिबल अधिक संवेदनक्षम स्पीकर घेतले, तर आहे तोच ॲम्प्लिफायर चौपट ताकदीचा असल्यासारखा काम करतो.

तेव्हा खोली मोठी असेल, स्पीकर शक्ती जास्त खाणारे असतील आणि मोठ्या आवाजात गाणं फाटत असेल, तर ॲम्प्लिफायर जरूर बदलावा. यंत्र फार जुनं असेल, तर आधी जाणकाराकडून कपॅसिटर तपासून घ्यावेत. ते वयानं निकामी होतात. आणि दुकानात तुलना करताना दोन्ही यंत्रांचा आवाज एकाच पातळीवर आणायला सांगावं, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. मग पाठ फिरवून ऐकावं. कोणतं यंत्र वाजतं आहे हे तरीही बिनचूक सांगता आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत. स्पीकरसाठी ते उपयोगी पडतील.