सिनेमा संपल्यावर

माझे अब्बा तालुक्याच्या गावी थिएटरात मशीन चालवायचे. सगळे गाव त्यांना 'ऑपरेटरचाचा' म्हणायचे. 'शोले' मुंबईत १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला, तो आमच्याकडे पोचायला दोन वर्षे गेली. आला तोही गावोगाव फिरून खरचटलेल्या प्रिंटच्या रूपात. तरी सात आठवडे चालला. रोज तीन खेळ. म्हणजे अब्बांनी तो जवळजवळ दीडशे वेळा दाखवला. कोणते रीळ कोणत्या वाक्यावर संपते, हे त्यांनी झोपेतही सांगितले असते.

२००४ साली माझा मामेभाऊ दुबईहून सुटीवर आला. येताना डीव्हीडी प्लेअर आणि 'शोले'ची तबकडी घेऊन आला. अब्बा तेव्हा सत्तरीत होते. शेवटाकडे ते एकदम ताठ बसले. पडद्यावर पोलीस येतात, ठाकूरला आवरतात आणि गब्बरला धरून नेतात, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. या तबकडीवर पोलीस आलेच नाहीत. ठाकूरने खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवले आणि मग तो ढसाढसा रडला. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ये टुकडा मेरे हाथ में कभी आयाच नै, बेटा."

तो तुकडा कोणाच हिंदुस्थानी ऑपरेटरच्या हाती आला नव्हता. आणीबाणीचे दिवस होते. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा, हे सेन्सॉरला मान्य नव्हते. त्यामुळे शेवट नव्याने चित्रित करावा लागला. इमामसाहेबांचा मुलगा अहमद, म्हणजे आपला सचिन, त्याला गब्बर मारतो तो प्रसंगही कापला गेला. चित्रपटात उरली ती गब्बरच्या हातावरची मुंगी आणि घोड्यावरून परत आलेला मृतदेह. मूळ शेवट मात्र परदेशातल्या व्हिडिओवर आणि डीव्हीडीवर टिकला. २०२५ मध्ये 'शोले'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्या शहरात दाखवली गेली, त्याच वर्षी डिसेंबरात ती भारतातही लागली. शेवट तोच, मूळचा. कित्येक वर्षे तो घराघरांतल्या तबकड्यांनी सांभाळला होता, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

मला तेव्हापासून एका गोष्टीचा नाद लागला. तबकडीवर मुख्य चित्रपटाखेरीज जे असते, त्याला बोनस म्हणतात. कापलेले प्रसंग, दिग्दर्शकाचे भाष्य, नटांच्या मुलाखती, चित्रीकरणाचे किस्से. बहुतेकजण तिकडे ढुंकून पाहत नसत. सिनेमा संपला की टीव्ही बंद. मी मात्र सिनेमा आधी बाजूला ठेवून बोनस पाहू लागलो.

ही कल्पना परदेशातून आली असे आपण समजतो. पण १९१७ साली आपल्या दादासाहेब फाळक्यांनी एक छोटा मूकपट काढला होता. विषय एवढाच, की चित्रपट कसा तयार होतो. त्यात फाळके स्वतः दिसतात. नटांना सूचना देताना, फिल्मची पट्टी हातात धरून निरखताना. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला, त्याला तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. लोकांना अजून ही जादू वाटत होती आणि जादूगार आपली पेटी उघडून दाखवत होता. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकात लेख लिहून त्यांनी आपल्या धंद्याची हकिकतही सांगितली.

त्या पेटीत काय काय होते! तारामती झालेले अण्णा साळुंके हॉटेलात काम करणारे होते, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला भोके पाडत, ती धुण्याच्या कामाला हात लावत आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. पडद्यावर दिसतो तो राजा हरिश्चंद्र. त्याच्यामागे कोणाचे हात होते, ते सांगणारे असे काहीतरी वेगळेच लागते.

आता तबकडीकडे येऊ. १९७८ साली अमेरिकेत लेझर डिस्क बाजारात आली. आकाराने बारा इंची, आपल्या लाँग प्ले रेकॉर्डएवढी. १९८४ मध्ये क्रायटेरियन या कंपनीने 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' हे दोन जुने चित्रपट तिच्यावर आणले. 'किंग काँग' १९३३ चा, त्याच्या आवाजाला एकच ध्वनिमार्ग पुरेसा होता. तबकडीवर मात्र दोन होते. दुसरा रिकामाच पडला असता. त्यावर रोनाल्ड हेवर या चित्रपट-अभ्यासकाचे बोलणे भरले गेले. चित्र पुढे सरकते आहे आणि एक जाणकार माणूस शेजारी बसल्यासारखा सांगतो आहे, हे दृश्य कसे घेतले, ते माकड कसे हलवले. रिकाम्या जागेतून ही प्रथा जन्मली.

मला यात परके काही वाटले नाही. आमच्या घरी आजोबांच्या वेळच्या अरबी-फारसी किताबा होत्या. त्यांच्या समासात बारीक अक्षरांत टिपणे लिहिलेली असत. त्याला हाशिया म्हणतात. आणि मराठीचा तर पायाच टीकेवर घातलेला आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच. मूळ ग्रंथाशेजारी बसून बोलायची आपली सवय जुनी आहे.

पुढे १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली. हातभर तबकडी तळहाताएवढी झाली आणि तिच्यावर आठ ध्वनिमार्ग आणि बत्तीस भाषांतल्या उपशीर्षकांची सोय झाली. एवढी जागा मिळाल्यावर तिच्यात काय भरायचे, हा प्रश्नच आला. तिथून बोनसचे दिवस सुरू झाले.

आपल्याकडे मात्र आधी व्हीसीडी रुजली होती. तिच्यावर जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून एक हिंदी सिनेमा दोन-तीन तबकड्यांत यायचा. बोनसला जागाच नव्हती. नंतर मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली. सिनेमा भाजीच्या भावात घरी आला, हे चांगलेच झाले. पण त्या भावात कोण जुन्या कॅमेरामनला शोधून त्याची मुलाखत घेणार?

अपवाद होते. 'लगान'चे चित्रीकरण २००० साली कच्छमध्ये भूजजवळ झाले. निर्मितीत सहभागी असलेले सत्यजित भटकळ यांनी त्यावर 'चले चलो' नावाचा माहितीपट केला, तो तबकडीवर मिळू लागला. सामन्याच्या एका दिवसासाठी सुमारे दहा हजार गावकरी गोळा करायचे म्हणजे काय, हे त्यात कळते. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर यांची पाठ धरली, तेव्हा ते खाटेवर पडून काम करत राहिले. आणि मग २६ जानेवारी २००१ चा भूकंप आला. ज्या मातीत, ज्या माणसांत महिनोन् महिने चित्रीकरण झाले होते, तो मुलूख उद्ध्वस्त झाला. 'लगान' पडद्यावर यायला तेव्हा पाच महिने होते. भूकंपापूर्वीचे ते कच्छ, ती माणसे आता फिल्मवर आहेत. चित्रपटात ती चंपानेरची रयत म्हणून दिसतात. त्यांना त्यांच्या नावागावासकट पाहायचे तर बोनसकडेच जावे लागते.

सगळेच बोनस असे मोलाचे नसतात, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळदा ती नुसती जाहिरात असते. नायक म्हणतो दिग्दर्शक थोर, दिग्दर्शक म्हणतो नायक थोर, आणि दोघे मिळून निर्मात्याचे आभार मानतात. अशी दहा मिनिटे पाहून मीही कंटाळून उठलो आहे. माझी कसोटी साधी आहे. ज्यात अडचण सांगितली आहे, काय फसले ते सांगितले आहे, ते ठेवावे. बाकीचे सोडून द्यावे.

माझ्या पाहण्यातला सगळ्यात मोठा बोनस 'पथेर पांचाली'चा. १९५५ च्या या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत भाजून निघाली होती. २०१५ साली ती दुरुस्त होऊन सत्यजित राय यांचे तीनही अपूपट नव्या तबकड्यांवर आले. दुरुस्ती कशी केली, ते त्याबरोबर दाखवले आहे. कारागीर भाजलेली, ठिसूळ फिल्म हाताने सांधत आहेत, तिच्या कडेची तुटलेली भोके एकेक करून नीट करत आहेत. हाताच्या कामालाच जवळजवळ हजार तास लागले. त्याच संचात सौमित्र चटर्जींची मुलाखत आहे. २०२० मध्ये ते गेले. आवाज राहिला.

ते पाहताना मला अब्बांचे हात आठवले. फिल्म तुटली की थिएटरात शिट्ट्या सुरू व्हायच्या. अब्बा दोन टोके ब्लेडने खरवडायचे, सोल्युशन लावायचे, अंगठ्याने दाबून धरायचे आणि मशीन पुन्हा सुरू. मग प्रिंट पुढच्या गावी जाताना डब्यात एक चिठ्ठी टाकायचे. मोडक्या मराठीत लिहिलेले असायचे, तिसऱ्या रिळात जोड आहे, सावकाश घ्या. पुढच्या गावचा ऑपरेटर त्यांनी कधी पाहिलेला नसायचा.

आपल्याकडे किती गेले, याचा हिशेब करवत नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला बोलपट 'आलम आरा'. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. २००३ साली पुण्यात आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मची हजारो रिळे गेली. फाळक्यांचे जे काही तुकडे आपण पाहू शकतो, ते राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने दारोदार फिरून जमवले म्हणून. जिथे सिनेमाच राहिला नाही, तिथे सिनेमामागच्या माणसांचे बोलणे कोण राखणार?

आता तबकडीही निघाली आहे. अमेरिकेत नेटफ्लिक्सने टपालाने तबकड्या पाठवणे सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केले. आपली मोझर बेअर २०१८ मध्ये बुडाली. आता सिनेमा मोबाइलवर येतो आणि संपायच्या आत पुढचा सुरू होतो. नामावलीसुद्धा वाचू देत नाहीत. काही जुन्या मुलाखती इंटरनेटवर सापडतात, पण आज असलेली उद्या असेलच असे नाही. तबकडी निदान कपाटात तरी असते.

आमच्या कपाटात ती 'शोले'ची तबकडी अजून आहे. प्लेअरचा ट्रे उघडेनासा झाला, तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, सर, याचे सामान आता येत नाही. मुलीने संगणकाला जोडायचा ड्राइव्ह आणला, त्यावर चालते.

अब्बा २००९ मध्ये गेले. घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर मी मुशायरे भरून घेतले, माझ्या स्वतःच्या कविता माझ्याच आवाजात भरल्या. अब्बांना एकदाही समोर बसवून विचारले नाही, की शोलेच्या त्या सात आठवड्यांत काय काय झाले, फिल्म कितीदा तुटली, कार्बनच्या कांड्या संपल्या तेव्हा काय केले. वाटायचे, ते तर घरातच आहेत. आज ते थिएटरही नाही, तिथे मंगल कार्यालय झाले आहे.

तुमच्या गावात एखादा जुना ऑपरेटर असेल, डोअरकीपर असेल, रिक्षातून सिनेमा पुकारणारा असेल. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्यात ध्वनिमुद्रणाची सोय आहे. आज रविवार आहे. जा आणि त्यांना विचारा. आणि कपाटातल्या जुन्या तबकड्या रद्दीवाल्याला देण्याआधी, दुसरी तबकडी काढून एकदा पाहा.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)