बारावीनंतर कॉलेज : निकालाआधी कागदपत्रे जमवा

बारावीचा निकाल लागला की ॲडमिशनला मोजकेच दिवस मिळतात. दाखले मात्र एका दिवसात हाती पडत नाहीत. जात पडताळणी जिल्ह्याच्या ठिकाणी होते. सिरोंच्याहून गडचिरोली २०० किलोमीटरच्या आसपास. दोन फेऱ्या म्हणजे तितकी मजुरी बुडाली. म्हणून तयारी अकरावीतच सुरू करा.

नाव : दहावीची मार्कशीट, आधार आणि बँक पासबुकावर नाव एकसारखे आहे का बघा. 'शेख' कुठे आधी, कुठे शेवटी असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

जात : शाळेच्या दाखल्यावर नुसते 'मुस्लिम' आहे, पण बिरादरी मोमीन, पिंजारी, मण्यार अशी ओबीसी यादीतली आहे? मग आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा शोधा. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यानंतर नॉन-क्रिमीलेयर काढा. आरक्षणात न बसणाऱ्यांनी ईडब्ल्यूएसची चौकशी तहसीलमध्ये करावी.

फी : २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील ओबीसी व ईडब्ल्यूएस मुलींना, सरकारी प्रवेशफेरीतून इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. खोली आणि मेसचा खर्च यात येत नाही, तो वेगळा धरा.

बाहेर पाठवणे जमत नसेल तर बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाची कॉलेजे दोन्ही जिल्ह्यांत आहेत.

पालकांनो, मार्क असूनही एका दाखल्यापायी मुलीचे कॉलेज राहून जायला नको. याच आठवड्यात घरातली पेटी उघडा आणि कागद तपासा.