अलिंदकंपनावरील कॅथेटर अ‍ॅब्लेशन : एका उपचारपद्धतीचा इतिहास

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचे, म्हणजेच अलिंदांचे आकुंचन विस्कळीत होणे हा एट्रियल फिब्रिलेशन या विकाराचा गाभा होय. त्यात अलिंदामध्ये रक्त साकळून पक्षाघाताचा धोका वाढतो. कॅथेटरद्वारे त्यावर उपचार करण्याची पद्धत कशी विकसित झाली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गॉर्डन मो यांचा सिद्धांत प्रमाण मानला जात असे. अलिंदात अनेक विद्युतलहरी एकाच वेळी भरकटत राहिल्याने विकार टिकून राहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे मान्य केले की लहरींच्या वाटा अडवणे ओघानेच येते. १९८७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे जेम्स कॉक्स यांनी अलिंदाला छेद देऊन पुन्हा शिवण्याची ‘मेझ’ शस्त्रक्रिया केली. ती परिणामकारक ठरली. परंतु छाती उघडणे सर्वांना पेलणारे नव्हते. पुढे मांडीतील नीलेतून कॅथेटर सरकवून अलिंदात तशाच रेषा डागण्याचे प्रयत्न झाले.

फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल आयसागेर हेही अशा रेषा डागणाऱ्यांपैकीच एक. विकार टिकतो कसा, याऐवजी तो सुरू होतो कोठून, हा प्रश्न त्यांच्या गटाने विचारला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात ४५ रुग्णांमधील ६९ उगमकेंद्रांची नोंद आहे. त्यांपैकी ९४ टक्के केंद्रे अलिंदात नव्हे, तर फुफ्फुस नीलांमध्ये आढळली. शोध लागला तो प्रश्न बदलल्यामुळे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

तथापि नीलेच्या आत डागल्याने व्रण आकसून ती अरुंद होऊ लागली. त्यामुळे कॅथेटर नीलेच्या मुखाबाहेर आले व चारही नीला अलिंदापासून विद्युतदृष्ट्या अलग करण्याची पद्धत रूढ झाली. २०१६ च्या एका युरोपीय चाचणीत गोठवणारा फुगाही डागण्याइतकाच उपयुक्त ठरला.

आयुष्य वाढते का, हा प्रश्न मात्र अवघड निघाला. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांमध्ये २०१८ च्या कॅसल-एएफ चाचणीत मृत्यू घटले. उलट २०१९ च्या कबाना चाचणीत २,२०४ रुग्ण असूनही औषधोपचाराच्या तुलनेत मृत्युदरात निर्णायक फरक दिसला नाही. औषधगटातील २७.५ टक्के रुग्णांनी दरम्यान अ‍ॅब्लेशनच करून घेतले होते. त्यामुळे या निष्कर्षाच्या अर्थाविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले.